घरचें कुत्रें : त्याचें आरोग्य व त्याचें मन

इसवी सन १९७४ सालीं आपल्या जिल्ह्यांतील श्रीरामपूर तालुक्यांत, प्रवरेच्या डाव्या तीरावरील दायमाबाद येथें, जमिनींतून ब्राँझच्या चार वस्तु निघाल्या. त्यांत एक हत्ती, एक गेंडा व एक रेडा होता. परंतु चौथी वस्तु पाहून मोठमोठ्या पंडितांनींही तोंडांत बोट घातलें. ती म्हणजे दोन बैलांचा एक रथ. लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर. आंत रथ हांकणारा एक पुरुष उभा, आणि त्याच्या पुढें रथाच्या दांडीवर उभा असलेला एक कुत्रा. ह्या वस्तु नक्की कोणत्या काळच्या ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं; पुष्कळ जण त्या सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळांतील, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या मानतात. त्या कुत्र्याची कारागिरास कांहीं गरज नव्हती. त्याच्यावांचून रथ अडला नसता. तरी त्यानें तो घडविला. आम्हांस वाटतें, त्याच्या गांवांत गाडी निघाली कीं बरोबर कुत्रा निघत असेल, आणि कुत्र्याशिवाय गाडी हें चित्र त्याच्या डोळ्यांस अपुरें दिसलें असावें. आजही ऊंसतोडणीच्या दिवसांत बैलगाडीखालून, चाकांच्या मधोमध, सावली धरून चालणारा कुत्रा ह्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर दिसतो. (गाडी आपणच ओढतों असें त्याला वाटतें, असें लोक थट्टेनें म्हणतात. त्याला काय वाटतें हें लोकांनीं त्याला विचारलेलें नाहीं.)

इतका जुना हा सोबती. पण त्याच्याविषयींचें आपलें ज्ञान मात्र बहुधा ऐकीव असतें. धर्मराजानें कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल घालण्याचें नाकारलें ही कथा आपण भक्तिभावानें सांगतों, आणि तेवढ्यांत अंगणांत आलेल्या कुत्र्यास दगड मारतों. जे हौसेनें कुत्रें पाळतात त्यांची माया खरी असते, परंतु मायेनें पोट भरत नाहीं व रोग टळत नाहींत. हें आम्ही दुसऱ्यास शिकविण्याच्या ऐटीनें लिहीत नाहीं. आम्हीं स्वतः ह्याची किंमत दिली आहे.

आमच्या घरीं पहिलें कुत्रें आलें तें आठवड्याच्या बाजारांतून पिशवींत घालून आणलेलें, जेमतेम महिन्याचें पिलूं. नांव ठेविलें मोती. मुलांनीं त्याला मांडीवरून खालीं उतरूं दिलें नाहीं, घरांतील दूध प्रथम त्याच्या वाटींत पडूं लागलें. दोन महिने आनंदांत गेले. मग एके दिवशीं त्यानें वाटीकडे पाहिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं उलट्या, तिसऱ्या दिवशीं रक्ताची हगवण. आम्ही दहीभात, जिऱ्याचें पाणी, शेजाऱ्यांनीं सांगितलेला पाला, सर्व कांहीं केलें. फक्त पशुवैद्यांकडे गेलों नाहीं. गेलों तें चौथ्या दिवशीं. त्या गृहस्थांनीं मोतीच्या हिरड्या दाबून पाहिल्या आणि एवढेंच विचारलें, "लस कधीं टोंचली होती?" कुत्र्याला लस टोंचतात ती पिसाळूं नये म्हणून, आणि ती मोठेपणीं, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. त्या रात्रीं मोती गेला. धाकटीनें कित्येक दिवस त्याची वाटी कोणास उचलूं दिली नाहीं.

मोतीला झालेल्या रोगास पार्व्हो म्हणतात. १९७८ च्या सुमारास तो जगांत प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळांत सर्वत्र पसरला. त्याचा विषाणु इतका चिवट असतो कीं जमिनीवर कित्येक महिने टिकतो व आपल्या पायताणांबरोबर घरांत येतो. म्हणून 'आमचें पिलूं बाहेर जातच नाहीं' हें म्हणणें निरर्थक होय. पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं ह्या रोगावरची व डिस्टेंपरवरची पहिली लस द्यावी, व पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, तें सोळा आठवड्यांचें होईतों, ती पुनः देत जावी. एकच मात्रा पुरेशी कां होत नाहीं, असें चौकस मुलें विचारतील. त्याचें कारण असें कीं आईच्या पहिल्या दुधांतून पिलास जी रोगप्रतिकारक शक्ति मिळालेली असते ती लसीलाही शत्रु समजून निष्प्रभ करते. ही शक्ति ओसरते कधीं, तें प्रत्येक पिलाचें निराळें. म्हणून ती वेळ हुकूं नये यासाठीं लस पुनःपुनः द्यावयाची. पिसाळरोगाची लस साधारण तीन महिन्यांच्या वयांत द्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें तिची पुनरावृत्ति करावी. जंतांचें औषध पिलास दर पंधरा दिवसांनीं, मग महिन्यानें, व मोठ्या कुत्र्यास साधारण दर तीन महिन्यांनीं. पावसाळ्यानंतर गोचीड फार होतात. ते रक्त पितात एवढेंच नव्हे, तर त्यांच्या चाव्यांतून रक्तांत जंतु शिरून ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात व कुत्रें पाहतां पाहतां खंगतें. रोज संध्याकाळीं कानांच्या आंत, मानेखालीं व बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहण्याचें काम घरांतील एका मुलाकडे सोंपवावें. हें काम मुलें आनंदानें करतात, व कुत्र्यासही आवडतें.

आणखी एक. पिलूं आईपासून आठ आठवड्यांपूर्वीं तोडूं नये. आम्हीं मोतीस चार आठवड्यांचें आणलें. तेव्हां त्याचें आईचें दूध तर तुटलेंच, पण शिक्षणही तुटलें. भावंडांशीं खेळतांना जोरानें चावलें कीं दुसरें किंचाळतें व खेळ मोडतो; दांत किती दाबावा हें पिलूं असें शिकतें.

आतां अन्न. ज्वारी-बाजरीची भाकरी व दूध ही आपल्याकडील कुत्र्याची ठरलेली थाळी. भाकरीस आमची हरकत नाहीं. लांडग्याच्या मानानें कुत्र्यास पिठूळ अन्न पचविण्याची शक्ति अधिक आहे, व ती त्याला माणसाच्या संगतींत, शेतीच्या काळांत आली असावी, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. तरी भाकरी म्हणजे पूर्ण अन्न नव्हे. अंडें, मांस, मासळी, निदान घट्ट शिजविलेली डाळ व अंडें तींत पडलें पाहिजे. दूध पुष्कळशा वाढलेल्या कुत्र्यांस मानवत नाहीं. शिजविलेलीं हाडें, विशेषतः कोंबडीचीं, उभीं फुटतात व आंतड्यांत रुततात. आणि ताटांत उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देण्याची जी सर्वत्र चाल आहे ती मोडलीच पाहिजे, कारण रश्श्यांत कांदा व लसूण असतो, आणि ह्या दोहोंनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षें व मनुका मूत्रपिंडास बाधतात, चॉकलेट हृदयास. पिलास तीन महिन्यांपर्यंत दिवसांतून चार वेळां, पुढें सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, व नंतर दोन वेळां ठरलेल्या समयीं अन्न द्यावें. पाण्याचें भांडें मात्र कधींही कोरडें असूं नये.

पाण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यांत विशेष महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत नगरच्या मैदानांत दुपारची भुई तापते तेव्हां आपण घाम गाळून वांचतों. कुत्र्यास तसा घाम येत नाहीं. पायांच्या तळव्यांवर थोड्या घामाच्या ग्रंथि असतात, पण त्याचा खरा आधार म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणें. निरोगी कुत्र्याचें अंग १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें, म्हणून हातास तें नेहमींच गरम लागतें; तेवढ्यावरून ताप समजूं नये. परंतु तें १०४ च्या वर चढलें, धाप थांबेना, लाळ चिकट झाली व पाय लडखडूं लागले, तर तो उष्माघात होय. तेव्हां त्यास सावलींत नेऊन अंगावर साधें पाणी घालावें, वारा घालावा, व तडक पशुवैद्याकडे न्यावें. उन्हांत फिरावयास नेण्यापूर्वीं आपल्या हाताचा पालथा पंजा पांच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून पाहावा. आपल्यास सोसत नसेल तर त्याच्या पावलांसही सोसणार नाहीं.

आतां ज्या विषयासाठीं हा लेख पालकांनीं अवश्य वाचावा असें आम्हांस वाटतें त्याकडे वळतों.

कुत्रें चावलें कीं आपल्या खेड्यांत अजूनही जखमेंत तिखट भरतात, चुना लावतात, हळद दाबतात. तसेंच, 'पोटांत चौदा सुया' घ्याव्या लागतात ह्या भीतीनें मूल चावल्याची गोष्ट घरीं सांगतच नाहीं. आमच्याच वर्गांतील एका विद्यार्थ्यानें पोटरीवरचा चावा तीन दिवस विजारीखालीं लपविला होता. लंगडूं लागला म्हणून विचारलें, तेव्हां रडत रडत त्या सुयांची गोष्ट सांगूं लागला. आजोबांनीं त्या घेतल्या होत्या व त्यांची कहाणी तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्यास त्याच दुपारीं दवाखान्यांत नेलें. तो सुखरूप आहे, व आतां त्याचें स्वतःचें कुत्रें आहे.

आजोबांची कहाणी खोटी नव्हती. जनावरांच्या मेंदूपासून बनविलेली जुनी लस पोटावर टोंचीत असत. परंतु ती आपल्या देशांत २००५ च्या सुमारासच बंद झाली. हल्लींची लस दंडांत देतात, व ठराविक दिवसांच्या अंतरानें चार-पांच वेळां जावें लागतें, इतकेंच. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. लुई पाश्चर ह्यांनीं १८८५ च्या जुलै महिन्यांत नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर ह्या मुलास ही लस प्रथम टोंचली, तेव्हां त्यांनाही ती यशस्वी होईल कीं नाहीं ह्याची खात्री नव्हती. आज ती खात्री आहे. मात्र एक अट आहे, आणि ती वेळेची. पिसाळरोगाचा विषाणु जखमेंतून मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे जातो. तो तेथें पोंचण्यापूर्वीं लस आपलें काम करते. लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे पाणी पाहून घसा आंवळूं लागला, कीं मग जगांतील कोणत्याही वैद्याच्या हातीं बहुधा कांहीं राहत नाहीं.

म्हणून चावल्याबरोबर प्रथम नळाखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवावी. पंधरा म्हणजे घड्याळांत पाहून पंधरा. साबणानें त्या विषाणूचें वरचें कवच विरघळतें. तिखट-चुना लावूं नये, जखम घट्ट बांधूं नये. नंतर लगेच दवाखाना. जखम खोल असेल, किंवा रक्त आलें असेल, तर लसीबरोबर जखमेच्या भोंवतीं निराळें औषधही टोंचावें लागतें, तें डॉक्टर ठरवितील. चावलेलें कुत्रें ओळखीचें असेल तर त्यास मारूं नये. दहा दिवस त्याजवर नजर ठेवावी. दहा दिवसांनंतर तें धडधाकट असेल तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें समजतात. परंतु ते दहा दिवस लस न घेतां वाट पाहत बसूं नये. आपलेंच कुत्रें आहे, लहानसा ओरखडा आहे, असें म्हणून जे स्वस्थ बसतात त्यांच्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते.

आमच्या घरीं मोतीनंतर दोन वर्षांनीं राजा आला. हा गांवठी, पिंवळट रंगाचा, एक कान पडलेला. परदेशी जातीचें, दाट केंसांचें कुत्रें घेण्याचा मुलांचा हट्ट होता. तो आम्हीं मानला नाहीं व त्याचा आम्हांस पश्चात्ताप झाला नाहीं. थंड देशासाठीं घडलेलें जनावर आपल्या उन्हांत आणून त्यास पंख्याखालीं जगविणें ह्यांत आम्हांस प्रतिष्ठा दिसत नाहीं. राजास सर्व लसी वेळेवर दिल्या, अन्न चांगलें दिलें. तरी तो दिवसभर भुंके, कुंडींतील माती उकरी, चपला फाडी. आम्ही त्यास साखळीनें बांधूं लागलों, तसा तो अधिकच भुंकूं लागला. आमच्या पशुवैद्यांनीं विचारलें, "हा दिवसभर करतो काय?" आम्ही निरुत्तर झालों. तो कांहींच करीत नव्हता. त्याला करण्यासारखें आम्हीं कांहीं दिलेंच नव्हतें.

माळावरील धनगराचें कुत्रें पाहा. त्यास रात्रभर मेंढरें राखावयाचीं असतात, दिवसा वाडा हलला कीं चालावयाचें असतें. तें चपला फाडीत नाहीं. कुत्र्याचें जग डोळ्यांचें नसून नाकाचें आहे. मनुष्याच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारें पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकांत वीस कोटींहून अधिक असतात. रंग मात्र त्यास निळा व पिंवळा एवढेच नीट दिसतात. तांबडा चेंडू हिरव्या गवतांत त्यास सांपडत नाहीं तो मूर्खपणानें नव्हे. फिरावयास गेल्यावर तो प्रत्येक खांबाशीं थांबतो आणि आपण दोर ओढतों. पण तो खांब म्हणजे त्याची चावडी होय. कोण येऊन गेलें, केव्हां गेलें, आजारी होतें कीं धष्टपुष्ट, ह्या साऱ्या बातम्या तेथें असतात. आम्ही आतां सकाळची अर्धी फेरी राजाच्या मर्जीनें करतों. तेवढ्या हुंगण्यानें तो जसा शांत होतो तसा मैलभर पळविल्यानेंही होत नसे.

घरींही त्याच्या नाकास काम देतां येतें, व त्यास पैसा लागत नाहीं. भाकरीचे तुकडे वाटींत न देतां अंगणांत लपवावे. चार करवंट्या पालथ्या घालून एकीखालीं अंड्याचा तुकडा ठेवावा. जुन्या गोणपाटाच्या घडींत शेंगदाणे गुंडाळावे. 'बस', 'थांब', 'ये' हे तीन शब्द तरी शिकवावे. एका वेळीं पांच मिनिटांहून अधिक शिकवूं नये, सर्वांनीं एकच शब्द वापरावा, आणि बक्षीस त्याच क्षणीं द्यावें. (आमच्या घरीं एक जण 'बस' म्हणे, दुसरा 'खालीं बस', तिसरा इंग्रजींत 'सिट', बिचारा राजा तिघांच्या तोंडाकडे पाही.)

बक्षिसास जो नियम तोच शिक्षेस. एकदां आम्ही बाहेरून आलों तों दह्याचें पातेलें पालथें. राजा कोपऱ्यांत, मान खालीं, कान मागें, डोळे वळलेले. अपराध चेहऱ्यावर लिहिलेला! आम्हीं त्यास दोन फटके दिले. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं शेजारची मांजर खिडकींतून येतांना आम्हीं स्वतः पाहिली. पुढें वाचनांत आलें कीं अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या अमेरिकन विदुषीनें २००९ सालीं नेमका हाच प्रयोग करून पाहिला होता. कुत्र्यानें निषिद्ध पदार्थ खाल्ला असो वा नसो, मालक रागावला कीं तो 'अपराधी' चेहरा येतो. तें अपराधाचें लक्षण नव्हे. तें आपल्या रागाचें प्रतिबिंब होय. राजा आमच्या आवाजाकडे पाहत होता, आणि आम्हीं तो कबुलीजबाब समजलों.

कुत्र्याची ही भाषा मुलांनीं शिकलीच पाहिजे. चार्लस डार्विन ह्यांनीं १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत रागावलेल्या व लाडांत आलेल्या कुत्र्याचीं चित्रें शेजारीं शेजारीं दिलीं आहेत. एकाचें अंग ताठ, शेंपूट उभें, मानेवरचे केंस पिंजारलेले. दुसऱ्याचें अंग नागमोडी, कान मागें, शेंपूट खालीं हलणारें. शेंपूट हलतें म्हणून कुत्रें खूष आहे असें मानणें धोक्याचें. तें ताठ व उंच धरून हलत असेल तर दूर राहावें. झोंप नसतां जांभई देणें, ओठ चाटणें, मान फिरविणें, डोळ्याचा पांढरा भाग दाखविणें, हीं सर्व 'मला भीति वाटते' ह्याचीं चिन्हें होत. ह्यानंतर गुरगुर येते. गुरगुरणाऱ्या कुत्र्यास मारणारे लोक त्याची ताकीद बंद करतात, भीति नव्हे. पुढच्या खेपेस तें ताकीद न देतां चावतें. जेवत्या, निजलेल्या व पिलांजवळ बसलेल्या कुत्र्यास हात लावूं नये. परकें कुत्रें अंगावर आलें तर पळूं नये, हात अंगाशीं धरून स्तब्ध उभें राहावें व त्याच्या डोळ्यांकडे पाहूं नये.

निर्बीजीकरणाविषयीं पालकांस एवढेंच सांगतों कीं घरच्या कुत्रीस दोन महिन्यांनीं होणारीं सहा-सात पिलें कोण पोसणार ह्याचें उत्तर नसेल, तर ती लहानशी शस्त्रक्रिया करून घेणें, पिलें पोत्यांत घालून रस्त्यावर सोडण्यापेक्षां पुष्कळ बरें.

शेवटीं अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर ह्या भागांतील आमच्या विद्यार्थ्यांसाठीं एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत नसते. ऊंसाच्या फडांत बिबट्या राहूं लागल्यास आतां बरींच वर्षें झालीं. अकोले भागांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून त्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें आढळलें कीं त्यांच्या भक्ष्यांत वजनाच्या मानानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा आहे. शेळ्यामेंढ्यांचा नव्हे, गाईबैलांचा नव्हे. ओसरीच्या खांबास साखळीनें बांधलेलें कुत्रें रात्रीं पळूं शकत नाहीं आणि भुंकून आपला ठिकाणा मात्र कळवितें. त्याच्यामागें बिबट्या दारापर्यंत येतो, जेथें मुलेंही निजलेलीं असतात. तेव्हां राखणीस म्हणून त्यास बाहेर बांधूं नये. दिवेलागणीपूर्वींच त्यास खाऊं घालावें, उष्टें-खरकटें अंगणांत राहूं देऊं नये, आणि रात्रीं घरांत, किंवा पक्क्या दाराच्या गोठ्यांत घ्यावें. राखण तें आंतूनही करतें; त्याचे कान आपल्या कानांहून पुष्कळ तीक्ष्ण आहेत. आमचा राजा आतां म्हातारा झाला आहे, एका डोळ्यांत मोतीबिंदु आहे, तरी मध्यरात्रीं तो दाराच्या फटीशीं नाक लावून उठतो, आणि मग आम्ही दिवा लावतों.